दोन क्लोन व्हीएम, मॅक वेगळे, तरी आयपी एकच. असं का होतं?

रानजाई · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

मी तंत्रनिकेतनात नेटवर्किंगची प्रात्यक्षिकं घेते. मुलांसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हर २२.०४ ची एक व्हीएम (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) तयार केली, अपडेट केली, एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करायची सोय) टाकला आणि तिचे दोन क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढले. एकीचं नाव गोदा, दुसरीचं कृष्णा. क्लोन काढताना सगळ्या अडॅप्टरना (व्हीएमच्या नेटवर्क कार्डांना) नवीन मॅक (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देण्याचा पर्याय निवडला होता. दोन्हींचा अडॅप्टर १ ब्रिज्ड आहे, म्हणजे व्हीएम थेट लॅबच्या नेटवर्कवर. होस्ट (ज्यावर व्हीएम चालते तो संगणक) विंडोज ११, लॅबमध्ये केबलने जोडलेला.

एकच व्हीएम चालू असली की सगळं सुरळीत. दोन्ही चालू केल्या की एसएसएच मध्येच तुटतं, 'कनेक्शन रिसेट' असं येतं. पुन्हा जोडलं की कधी गोदाचा प्रॉम्प्ट येतो, कधी कृष्णाचा. पाहिलं तर दोघींनाही १९२.१६८.१०.४७ हाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालाय. मॅक मात्र खरंच वेगळे आहेत, दोनदा ताडून पाहिले.

आणखी एक कोडं म्हणजे हाच लॅपटॉप घरी नेला की घरच्या राउटरवर दोघींना वेगवेगळे आयपी मिळतात. लॅबच्या डीएचसीपी सर्व्हरचा (जो मशीनना आपोआप आयपी वाटतो) दोष समजू का? पुढच्या आठवड्यात मुलांच्या लॅपटॉपवर हीच व्हीएम चढवायची आहे. अर्ध्या मुलांकडे जुने, वापरलेले लॅपटॉप आहेत. त्यांचा प्रात्यक्षिकाचा वेळ अशा गोष्टीत जाऊ नये असं फार वाटतं.

लोकल८१२ · सोमवार, रात्री ९.३४

ताई, आधी एक शंका बाजूला काढून टाकू. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट मोडमध्ये प्रत्येक व्हीएमला १०.०.२.१५ हाच आयपी मिळतो. गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२, डीएनएस (नावावरून आकडी पत्ता सांगणारा) १०.०.२.३. दोन व्हीएम असोत की चार, सगळ्यांना तेच. त्यात बिघाड काही नाही, कारण प्रत्येक व्हीएमचं नॅट स्वतंत्र असतं आणि त्या एकमेकींना दिसतच नाहीत. नवीन मुलं हे बघून घाबरतात.

मुलांना मी असं समजावतो: नॅट म्हणजे वाडा. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक, आत किती बिऱ्हाडं आहेत ते फक्त मालकाला माहीत. आतून बाहेर पत्र जातं, त्याचं उत्तरही येतं. पण बाहेरचा माणूस थेट तिसऱ्या खोलीचं दार वाजवू शकत नाही, त्यासाठी मालकाला आधी सांगून ठेवावं लागतं. ते सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

तुमचा पत्ता १९२.१६८.१० चा आहे म्हणजे ब्रिज खरोखर चालू आहे. गोष्ट वेगळी आहे.

वऱ्हाडी_टक्स · सोमवार, रात्री ९.४१

राजेहो, कायले एवढी डोकेफोड? दोन नवीन इन्स्टॉल टाका नं. अर्ध्या तासाचं काम हाय. क्लोन म्हटलं की काही न काही चिकटून येतेच.

पिंपळपार · सोमवार, रात्री ९.४८

गोदा आणि कृष्णा एकाच पात्रातून वाहायला लागल्या म्हणजे प्रकरण पाणीतंटा लवादाकडे न्यावं लागणार :)

ताई, नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये स्थिर आयपी तर लिहिलेला नाही ना? तो क्लोनमध्ये जसाच्या तसा येतो.

कातळशिल्प · सोमवार, रात्री १०.१५

नवीन इन्स्टॉल नको. वऱ्हाडीदादा, इन्स्टॉलने प्रश्न सुटेलही, पण का सुटला ते कळणार नाही, आणि ताईंना हे तीस-चाळीस लॅपटॉपवर करायचं आहे. प्रत्येक मुलाला अर्धा तास बसवणार का?

मी गेली कित्येक वर्षं सर्व्हरांच्याच कामात आहे. नेटवर्क अडलं की खालून वर जायचं ही शिस्त मी सोडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी आधीची स्थिती लिहून ठेवायची.

सगळ्यात खाली तार. व्हीएमच्या सेटिंगमध्ये अडॅप्टरच्या 'अॅडव्हान्स्ड' भागात 'केबल कनेक्टेड' असा एक चौकोन असतो. तो रिकामा असला की आत 'आयपी लिंक' म्हटल्यावर 'नो-कॅरियर' दिसतं. तिथे नेटप्लॅन कितीही ढवळा, काही होणार नाही. त्याच्या वर इंटरफेस, म्हणजे आतून दिसणारं नेटवर्क कार्ड. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिला अडॅप्टर ईएनपी०एस३ म्हणून येतो, दुसरा ईएनपी०एस८. व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३ किंवा ईएनएस१६०. दुसऱ्या हायपरव्हायजरवरची (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरची) कॉन्फिग फाइल आणून टाकली तर नावच जुळत नाही आणि कार्ड मेल्यासारखं पडून राहतं. मग पत्ता, म्हणजे 'आयपी ए'. मग वाट, म्हणजे 'आयपी राउट'. तिथे डिफॉल्टची ओळ एकच असावी. गेटवेला पिंग (पोचतंय का ते विचारणारा छोटा संदेश), त्यानंतर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला पिंग आणि सगळ्यात शेवटी नाव. आकड्याला पिंग जातो पण नावाला जात नाही, तर दोष डीएनएसचा. उबुंटूत 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' बघायचं, कारण रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ एवढंच दिसतं आणि खरा डीएनएस त्याच्या मागे असतो.

तुमच्या बाबतीत तार, इंटरफेस, वाट सगळं ठीक आहे. पत्त्याच्या पायरीवर अडलंय. तर दोन्ही व्हीएममधून एवढं द्या:

'आयपी लिंक'चा निकाल,
/ईटीसी/नेटप्लॅन/ मधली फाइल,
'कॅट /ईटीसी/मशीन-आयडी' (मशीनची स्वतःची ओळख) चे पहिले काही अक्षर-आकडे, सगळे नकोत.

तिसऱ्यावर माझा दाट संशय आहे. पण बघितल्याशिवाय बोलत नाही.

शेवंती · सोमवार, रात्री १०.३२

रानजाई, तुमच्या लॅबमध्ये मॅनेज्ड स्विच (ज्यावर नियम लावता येतात असा) असेल तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना एक विचारून ठेवा. ब्रिज्ड मोडमध्ये एकाच तारेवरून होस्टचा एक आणि प्रत्येक व्हीएमचा एक असे अनेक मॅक बाहेर पडतात. सिस्कोच्या स्विचवर पोर्ट सिक्युरिटी चालू केली की मूळ मर्यादा एका मॅकची असते, आणि ती ओलांडली की पोर्टच बंद पडतो. माझ्या ओळखीच्या एका कार्यालयात व्हीएम चालू केली की होस्टचंही नेट जायचं आणि सगळे व्हर्च्युअलबॉक्सला बोल लावायचे. स्विचच्या नोंदी उघडल्यावर दोन मिनिटांत कळलं.

तुमचं तसं नाही हे दिसतंय, कारण दोघींना पत्ता मिळतोय. पण मुलांच्या लॅपटॉपांची गर्दी झाली की हे उद्भवू शकतं.

टिटवी · सोमवार, रात्री १०.५०

धाग्यात घुसते आहे, माफ करा. माझंही व्हर्च्युअलबॉक्सच. नॅट आधीपासून होतं, आता दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि व्हीएम यांच्यातलं जाळं) लावला. 'आयपी ए' मध्ये ईएनपी०एस८ दिसतो पण 'डाउन' आणि आयपी नाही. केबलचा चौकोन भरलेला आहे. विंडोजमधून व्हीएमला एसएसएच करायचंय एवढंच.

लोकल८१२ · सोमवार, रात्री १०.५८

टिटवी, इन्स्टॉलच्या वेळी एकच कार्ड होतं म्हणून नेटप्लॅनच्या फाइलमध्ये फक्त ईएनपी०एस३ लिहिलेलं असणार. दुसऱ्याचं नाव तिथे नाही, त्यामुळे त्याला कोणी उठवतच नाही. त्याच फाइलमध्ये ईएनपी०एस३ च्या खाली, त्याच रांगेत ईएनपी०एस८ लिही आणि त्याच्या आत 'डीएचसीपी४: ट्रू'. मोकळी जागा स्पेसनेच सोड, टॅब दाबलास तर वायएएमएल फाइल वाचलीच जाणार नाही. मग 'सुडो नेटप्लॅन ट्राय'. हे 'अप्लाय'पेक्षा चांगलं, कारण १२० सेकंदांत तू होकार दिला नाहीस तर जुनी सेटिंग परत येते. दूरच्या मशीनवर काम करताना याने जीव वाचतो.

होस्ट-ओन्लीत विंडोजचा पत्ता बहुधा १९२.१६८.५६.१ असेल आणि व्हीएमला १०१ पासून पुढचा मिळेल.

पिंपळपार · सोमवार, रात्री ११.०५

जोड देतो. होस्ट-ओन्लीचा डीएचसीपी गेटवे देत नाही, म्हणून टिटवीला त्रास होणार नाही. पण कोणी नॅट आणि ब्रिज्ड असे दोन लावले तर दोन डिफॉल्ट वाटा तयार होतात आणि पाकीट (डेटाचा तुकडा) एकीकडून येऊन दुसरीकडून परत जायला बघतं. तेव्हा एका कार्डाखाली 'डीएचसीपी४-ओव्हरराइड्स' मध्ये 'यूज-राउट्स: फॉल्स' लिहावं, किंवा 'राउट-मेट्रिक' वाढवावा. ज्याचा मेट्रिक कमी ती वाट आधी.

अण्णा_मिरज · मंगळवार, सकाळी ६.२०

आम्ही 'इफकॉन्फिग' वापरत आलो. आता नवीन उबुंटूत ते नसतंच, 'कमांड नॉट फाउंड'. 'नेट-टूल्स' पॅकेज टाकलं की येतं, मग बदलायचं कशाला? आणि ईटीएच० हे नाव काय वाईट होतं? तोंडात बसायचं.

शेवंती · मंगळवार, सकाळी ७.४५

अण्णा, तुमचं म्हणणं समजतं, पण ईटीएच० ला एक मोठा दोष होता. दोन कार्डं असली की कर्नलला जे आधी सापडेल ते शून्य. रीबूटनंतर शून्य आणि एक यांची अदलाबदल व्हायची शक्यता, आणि फायरवॉलचे नियम भलत्याच तारेवर लागायचे. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) १९७ व्या आवृत्तीपासून कार्ड कुठे बसलंय त्यावरून नाव द्यायला सुरुवात झाली. ईएन म्हणजे इथरनेट, पी० म्हणजे बस शून्य, एस३ म्हणजे तिसरा स्लॉट. व्हीएममध्ये तर हे फारच सोयीचं, कारण अडॅप्टर क्रमांक आणि नाव यांचं नातं पक्कं राहतं.

'इफकॉन्फिग'ची आणखी एक अडचण म्हणजे त्याच कार्डावर 'आयपी' कमांडने दुसरा पत्ता चढवला असेल तर ते तो दाखवतच नाही. शोधाशोध करताना डोळ्यांसमोर अर्धंच चित्र असणं वाईट.

अण्णा_मिरज · मंगळवार, सकाळी ८.०२

दोन पत्त्यांचं हे माहीत नव्हतं. पटलं. जुन्या काळी क्लोन काढला की ईटीएच० गायब होऊन ईटीएच१ यायचा, ते आठवतंय. यूडेव्हच्या (कार्डांना नावं देणाऱ्या) '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' फाइलमध्ये जुना मॅक ईटीएच० ला बांधलेला असायचा, नव्या मॅकला पुढचा नंबर. ती फाइल पुसून रीबूट केलं की जागेवर. म्हणजे क्लोनमागे जुनं चिकटून येण्याचा प्रकार तेव्हाही होताच. वऱ्हाडी_टक्स तेवढं बरोबर बोलले.

रानजाई · मंगळवार, दुपारी १.१५

कातळशिल्पदादा, लॅबमध्ये बसून पाहिलं. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये ईएनपी०एस३ आणि त्याखाली 'डीएचसीपी४: ट्रू', बाकी काही नाही. म्हणजे स्थिर आयपीचा प्रश्न नाही, पिंपळपार. 'आयपी लिंक' दोन्हीकडे 'अप', मॅक दोन्हींचे ०८:००:२७ ने सुरू होतात पण पुढचे वेगळे.

आणि मशीन-आयडी दोन्हीकडे एकच आहे! पहिली आठ अक्षरंच नव्हे, सगळी बत्तीस जुळतात.

कातळशिल्प · मंगळवार, दुपारी १.४०

सापडलं. लॅबच्या डीएचसीपी सर्व्हरचा यात काहीही दोष नाही. तो नियमानेच वागतोय.

नीट सांगतो, कारण तुम्हाला हे मुलांपुढे मांडता येईल आणि प्रात्यक्षिकाचा हा उत्तम विषय आहे.

डीएचसीपी मागणाऱ्याला सर्व्हर ओळखतो कसा? आपण धरून चालतो की मॅकवरून. पण मागणीच्या पाकिटात 'क्लायंट आयडेंटिफायर' नावाचा एक रकाना असतो. आरएफसी २१३१ हा डीएचसीपीचा दस्तऐवज मार्च १९९७ चा. त्यात म्हटलंय की हा रकाना भरलेला असेल तर सर्व्हरने ओळखीसाठी तोच वापरावा. रिकामा असेल तरच मॅक.

उबुंटू सर्व्हरमध्ये नेटप्लॅनच्या मागे सिस्टमडी-नेटवर्कडी काम करतो. तो या रकान्यात मॅक घालत नाही. तो डीयूआयडी नावाची ओळख घालतो, आणि ती बनते /ईटीसी/मशीन-आयडी वरून. जोडीला इंटरफेसच्या नावावरून काढलेला एक आकडा असतो. तुमच्या दोन्ही व्हीएममध्ये मशीन-आयडी एक, इंटरफेसही ईएनपी०एस३ च. म्हणजे सर्व्हरच्या दारात दोघी एकच ओळखपत्र दाखवतात. सर्व्हर म्हणतो, ही मघाचीच आहे, हिला ४७ दिलेला आहे, तोच पुन्हा देतो.

पुढचं सगळं त्यातूनच. होस्ट विचारतो, ४७ कोणाचा? दोघी उत्तर देतात. ज्या मॅकची नोंद शेवटी झाली तिकडे पाकिटं जातात. गोदाशी चालू असलेलं एसएसएचचं पाकीट कृष्णाकडे पोचलं की तिला तो संवाद माहीतच नसतो, ती 'रिसेट' धाडते आणि तुमचं सत्र तुटतं. विंडोजमध्ये 'एआरपी -ए' थोड्या थोड्या वेळाने देऊन बघा, ४७ समोरचा मॅक बदलताना दिसेल.

पिंपळपार · मंगळवार, दुपारी १.५२

मग घरी का चाललं?

कातळशिल्प · मंगळवार, दुपारी २.०५

घरच्या काही राउटरांमधला डीएचसीपी तो रकाना बघतच नाही, थेट मॅकवर चालतो. तिथे मॅक वेगळे म्हणून आयपी वेगळे. लॅबचा सर्व्हर दस्तऐवजाप्रमाणे रकाना आधी बघतो. जो जास्त शिस्तीचा, त्याच्याच गळ्यात दोष पडतो, म्हणून आवर्जून लिहिलं.

उपाय दोन. झटपट हवा असेल तर नेटप्लॅनमध्ये ईएनपी०एस३ च्या आत, 'डीएचसीपी४'च्या खाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक' ही ओळ. मग 'नेटप्लॅन अप्लाय'. ओळख मॅकवर गेली, दोघींना वेगळे आयपी.

दुसरा मुळातला. क्लोनमध्ये 'सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी' देऊन फाइल रिकामी करायची आणि रीबूट. सुरू होताना सिस्टमडी नवी आयडी बनवून लिहितो. फाइल पुसून टाकू नका, रिकामी ठेवा. फाइल असायला हवी म्हणजे त्यावर लिहिता येतं.

वऱ्हाडी_टक्स · मंगळवार, दुपारी २.३०

हे जबरदस्त हाय कातळशिल्प भाऊ. मॅकच्या वर काही अजून ओळख असते हे ध्यानातच नव्हतं. मग पहिलाच उपाय पुरे नं? एक ओळ टाकली, काम झालं.

दूरदेशी_माइन · मंगळवार, सायंकाळी ६.१०

फ्रँकफर्टहून. वऱ्हाडीदादा, इथे मी थोडा आडवा येतो. पहिल्या उपायाने आयपी वेगळे होतील, पण दोन मशीनची ओळख एकच राहील. मशीन-आयडी फक्त डीएचसीपीला लागत नाही. जर्नलच्या (सिस्टममधल्या घडामोडींच्या) नोंदी /व्हार/लॉग/जर्नल मध्ये त्याच नावाच्या फोल्डरात जातात. अनेक मशीनच्या नोंदी एका जागी गोळा केल्या तर दोन मशीन एकच दिसतील. मुलांना आज नसलं तरी उद्या कामाच्या जागी हे भोवेल. मुळातला उपायच करावा.

आणि रानजाई, तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तुम्ही पुन्हा जोडल्यावर कधी गोदा, कधी कृष्णा येत होती, पण एसएसएचने इशारा दिला का? 'होस्टची ओळख बदलली आहे' असं सांगून अडवायला हवं होतं. पत्ता तोच, मशीन दुसरी, हा प्रकार पकडण्यासाठीच ती सोय आहे.

रानजाई · मंगळवार, सायंकाळी ६.४५

नाही दिला! एकदाही नाही. आता वाचून काटा आला अंगावर. का नाही दिला?

दूरदेशी_माइन · मंगळवार, सायंकाळी ७.०२

कारण क्लोन काढण्याआधी तुम्ही एसएसएच सर्व्हर टाकला होता. तो टाकतानाच होस्टच्या (इथे होस्ट म्हणजे ती व्हीएमच) ओळख पटवणाऱ्या किल्ल्या तयार होतात, /ईटीसी/एसएसएच मध्ये 'एसएसएच_होस्ट_' ने सुरू होणाऱ्या फाइली. त्या दोन्ही क्लोनमध्ये शब्दशः सारख्या आहेत. तुमच्या विंडोजच्या 'नोन_होस्ट्स' मध्ये ४७ समोर जी किल्ली नोंदली ती दोघींकडे आहे, मग एसएसएचला फरक कळणार कुठून?

हे मला आयपीपेक्षा जास्त गंभीर वाटतं. हीच व्हीएम चाळीस मुलांना दिली तर चाळीस जणांकडे एकच खाजगी किल्ली. त्यातला कोणीही वर्गातल्या दुसऱ्याची मशीन असल्याचा आव आणू शकतो आणि कोणाला इशारा येणार नाही. प्रात्यक्षिकापुरतं ठीक म्हणून सोडू नका.

प्रत्येक क्लोनमध्ये जुन्या किल्ल्या काढून 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर' द्या, नव्या बनतील. हे व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतून करा. उबुंटूत किल्ल्या नसताना रीबूट झालं तर एसएसएच सर्व्हर उठत नाही आणि बाहेरून आत जायची वाट बंद होते.

लोकल८१२ · मंगळवार, रात्री ८.२०

वा. मूळ प्रश्नापेक्षा हे मोलाचं निघालं.

एक व्यावहारिक विचारतो, ताई. मुलं लॅपटॉप वसतिगृहात नेणार, तिथे वाय-फाय. ब्रिज्ड तिथे दगा देतो. साध्या वाय-फाय जोडणीत लॅपटॉप पाठवतो त्या चौकटीत तीनच पत्त्यांना जागा असते, त्यामुळे लॅपटॉपमागे आणखी कोणी दुसऱ्या मॅकचं आहे हे सांगायला जागाच नाही. अॅक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या मॅकचं ऐकतो. व्हर्च्युअलबॉक्स मॅक बदलून देण्याची युक्ती करतो, कुठे चालते, कुठे नाही. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या स्वतःच्या व्हीएम सोयीत) तर वाय-फाय कार्ड सरळ ब्रिजमध्ये घालताच येत नाही. वर वसतिगृहात लॉगिनचं पान असलं तर प्रत्येक व्हीएमला वेगळं लॉगिन.

मुलांसाठी अडॅप्टर १ नॅट आणि अडॅप्टर २ होस्ट-ओन्ली ठेवा. नेट नॅटमधून, एकमेकींशी आणि होस्टशी बोलणं होस्ट-ओन्लीवरून. लॅब असो, घर असो, गावी रेंज नसो, १९२.१६८.५६ चं जाळं चालूच राहतं.

शेवंती · मंगळवार, रात्री ८.३३

याला माझा दुजोरा, पोर्ट सिक्युरिटीचाही प्रश्न उरत नाही. फक्त लक्षात घ्या, होस्ट-ओन्लीलाही स्वतःचा डीएचसीपी असतो. सारख्या मशीन-आयडीच्या व्हीएम तिथे सोडून नशिबावर विसंबू नका. ते आधी निस्तरा.

ब्रिज्ड ठेवायचाच असेल तर सेटिंगमध्ये 'नाव' या रकान्यात कोणतं प्रत्यक्ष कार्ड निवडलंय ते बघा. लॅबमध्ये केबलचं निवडलेलं, वसतिगृहात वाय-फायवर गेलं की तेच कार्ड मेलेलं असतं. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात.

चकवाचांदण · मंगळवार, रात्री ९.१५

फायरवॉल बंद करून पाहिली का? मला कधीही नेटवर्क अडलं की मी 'यूएफडब्ल्यू डिसेबल' करते, पुष्कळदा चालतं.

कातळशिल्प · मंगळवार, रात्री ९.३०

चकवाचांदण, फायरवॉल पाकीट अडवते, पत्ता बदलत नाही. इथे दुखणं पत्त्याचं आहे. आणि संशय असला तरी बंद करण्याआधी 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' बघावं, २२ क्रमांकाचं पोर्ट उघडं नसेल तर तेवढंच उघडावं. बंद केलेली फायरवॉल परत चालू करायची राहून जाते आणि मग ती मशीन तशीच उघडी फिरते.

रानजाई · बुधवार, दुपारी ४.५०

मंडळी, झालं. मन भरून आभार.

गोदा तशीच ठेवली, कृष्णात मशीन-आयडी रिकामी करून रीबूट केलं. नवी आयडी आली आणि पहिल्याच मागणीला १९२.१६८.१०.५२ मिळाला. दोन्हींवर एसएसएच तासभर उघडं ठेवलं, एकदाही तुटलं नाही. मग दोन्हीत किल्ल्या नव्या केल्या. त्यानंतर ४७ ला जोडताना एसएसएचने पहिल्यांदा इशारा दिला की ओळख बदलली आहे! तो इशारा बघून इतका आनंद झाला म्हणून सांगू. जुनी नोंद 'एसएसएच-कीजेन -आर' ने काढली आणि पुढे गेले.

आता मुलांचं. त्यांना देण्याची मूळ व्हीएम नॅट अधिक होस्ट-ओन्ली करणार. पण चाळीस जणांना रीबूट, किल्ल्या हे सगळं करायला लावायचं की मूळ व्हीएमच स्वच्छ करून ठेवता येईल?

आणि कातळशिल्पदादा म्हणाले तसं, पहिल्या तासाला मी मुद्दाम न सुधारलेले दोन क्लोन देऊन त्यांनाच शोधायला लावणार आहे. 'एआरपी -ए' मध्ये मॅक बदलताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

दूरदेशी_माइन · बुधवार, सायंकाळी ६.३०

मूळ व्हीएमच स्वच्छ करा. क्रम असा: सगळे अपडेट आटपले की मशीन-आयडी रिकामी करायची आणि लगेच बंद करायची. मध्ये पुन्हा चालू केलीत तर नवी आयडी तिच्यातच लिहिली जाईल आणि सगळे क्लोन पुन्हा सारखे. बंद अवस्थेतच ती निर्यात करा. मुलांना आयात करताना सगळ्या अडॅप्टरसाठी नवीन मॅक बनवण्याचा पर्याय निवडायला सांगा.

किल्ल्यांसाठी मूळ व्हीएममध्ये एक छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहून ठेवा, एसएसएचच्या आधी चालणारी. तिने फक्त 'एसएसएच-कीजेन -ए' द्यायचं. ही कमांड नसलेल्या किल्ल्याच बनवते, असलेल्यांना हात लावत नाही, म्हणून दर वेळी चालली तरी बिघडत नाही. सर्व्हिस 'इनेबल' करून, किल्ल्या पुसून मग बंद करा. केव्हीएम वापरणाऱ्यांना हे सगळं 'व्हर्ट-सिसप्रेप' एका फटक्यात करून देतं, ते बंद असलेल्या व्हीएमवरच चालवायचं.

अण्णा_मिरज · बुधवार, सायंकाळी ७.१०

मुलांना शोधायला लावायची कल्पना फार आवडली. ताई, तेव्हा गोदा-कृष्णा दोघींचे प्रॉम्प्ट वेगळ्या रंगात ठेवा. कोण कुठे पोचलं ते मागच्या बाकावरूनही दिसेल.

टिटवी · बुधवार, रात्री ९.०५

लोकल८१२ दादा, ईएनपी०एस८ उठला, १९२.१६८.५६.१०१ मिळाला, विंडोजमधून एसएसएच चालू. 'नेटप्लॅन ट्राय'ने फाइलची परवानगी फार मोकळी आहे असा इशारा दिला, तो सोडून देऊ का?

लोकल८१२ · बुधवार, रात्री ९.२०

सोडू नको. 'सुडो सीएचमॉड ६००' आणि पुढे त्या फाइलचं नाव. नेटप्लॅनच्या फाइलीत कधी वाय-फायचा पासवर्डही असतो, ती इतरांना वाचता येऊ नये म्हणून तो इशारा आहे.